माझ्या शंभरातले तुमचे किती?

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिल 2022 मधली गोष्ट. परभणीत मी रिक्षाने चालले होते. वाटेत रिक्षावाल्या दादांनी पंपावर रिक्षा घातली आणि म्हणाले, "शंभरचं टाका." आकडा शून्यावर आलाय ना, हे वाकून पाहिलं. मशीन सुरू झालं आणि लिटर भरायच्या आतच थांबलं. त्या दिवसांत मुंबईत पेट्रोल 120 रुपये 51 पैसे होतं. परभणीला ते मनमाडहून टँकरने यायचं, म्हणून आणखी महाग. टाकीचं झाकण लावता लावता दादांनी विचारलं, "ताई, यातले दिल्लीला किती गेले, मुंबईला किती?" मला सांगता आलं नाही.

त्याच महिन्याच्या 27 तारखेला पंतप्रधानांनी मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत महाराष्ट्रासह काही राज्यांची नावं घेतली आणि इंधनावरचा व्हॅट, म्हणजे राज्याचा कर, कमी करा म्हणाले. आपले तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी उलट केंद्राकडे थकलेल्या जीएसटीच्या साडेसव्वीस हजार कोटींची आठवण करून दिली. झालं! पुढचे कितीतरी दिवस टीव्हीवर तेच. रिक्षावाल्याची टाकी कुणाच्या ध्यानीमनीही नव्हती.

श्रोतेहो, दोघांचंही अर्धं खरं होतं. मे 2020 मध्ये कच्चं तेल मातीमोल झालेलं असताना केंद्राने पेट्रोलवरचा आपला कर, म्हणजे उत्पादन शुल्क, लिटरमागे 10 रुपयांनी वाढवून 32 रुपये 98 पैशांवर नेलं. स्वस्ताई आपल्यापर्यंत पोचलीच नाही. पुढे त्यातला राज्यांबरोबर वाटून घ्यायचा भाग उरला अवघा 1 रुपया 40 पैसे. राज्यंही कमी नाहीत. व्हॅट टक्क्यांत असतो आणि केंद्राचं शुल्क धरून जी किंमत होते, तिच्यावर लागतो. म्हणजे करावर कर. दर चढला की राज्याची तिजोरी आपसूक भरते.

2021 मध्ये, हे शुल्क कमी का होत नाही म्हटल्यावर, केंद्राकडून आधीच्या केंद्र सरकारच्या तेल रोख्यांचं, म्हणजे तेल कंपन्यांना रोख पैशांऐवजी दिलेल्या कर्जरोख्यांचं, कारण पुढे आलं. कर्ज होतं, हे खरं. पण त्या आर्थिक वर्षात त्याचं मुद्दल फेडायचं होतं 10 हजार कोटी, आणि त्याच्या आदल्या वर्षी इंधनावरच्या शुल्कातून केंद्राला मिळाले होते तीन लाख कोटींहून जास्त. हा हिशोब कुणी माणसाला समजेल असा सांगितला का?

मग मे 2022 मध्ये केंद्राने पेट्रोलवर 8 रुपये कमी केले, जुलैमध्ये राज्यातल्या नव्या सरकारने 5. म्हणजे कमी करता येत होतं! दोघांनाही येत होतं. मला राग येतो तो याचा.

हॉटेलात दोन इडल्या खाल्ल्या तरी बिलावर केंद्राचा जीएसटी वेगळा आणि राज्याचा वेगळा छापलेला असतो. पंपाच्या पावतीवर मात्र लिटर, दर आणि रक्कम, एवढंच. तिथेही केंद्राचा कर आणि राज्याचा कर अशा दोन ओळी छापा, एवढी माझी मागणी आहे. परभणीच्या त्या दादांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर पावतीवरच मिळू दे.

नमस्कार.