बालुस येईपर्यंत

[पडदा काळा. फक्त आवाज, ओल्या गवतावर चालणाऱ्या कोयत्यांचा. मग धुक्यात बुडालेली दरी हळूहळू दिसू लागते.]

सकाळचे सहा वाजलेत. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ मुलखातली एक वस्ती. उतारावर दहा-बारा माणसं ओणवी होऊन लांब पात्याच्या कोयत्यांनी गवत छाटतायत. दुरून वाटेल, शेतात राबतायत. पण हे शेत नाही, धावपट्टी आहे. आणि आज तिच्यावर विमान उतरायलाच हवं.

वरच्या झोपडीत एक बाळंतीण अडलीय. काल दुपारपासून कळा चालू आहेत, मूल आडवं आलंय. वस्तीच्या दवाखान्यात एकच आरोग्य कर्मचारी. त्याच्याकडे गोळ्या आहेत, सलाईन आहे. सिझेरियनची सोय नाही. नकाशावर पाहिलं तर इस्पितळ बोटाच्या दोन पेरांवर. झोळीत घालून पायी न्यायचं म्हटलं तर दोन खोल दऱ्या, एक नदी आणि तीन दिवस. विमानाने वीस मिनिटं.

कर्मचाऱ्याने वायरलेसवर निरोप दिला तो काल संध्याकाळीच. पण या डोंगरांत अंधार पडला की उड्डाण बंद. पट्टीवर दिवे नाहीत, आणि काळोखात डोंगर कुठे सुरू होतो ते वैमानिकाला दिसत नाही. दुखणं कितीही घाईचं असो, उजाडेपर्यंत थांबायचं.

इथल्या टोक पिसिन भाषेत विमानाला बालुस म्हणतात. हा मुळात कबुतराचा शब्द. काल रात्रीपासून वस्तीत लहानथोर सगळे एकच विचारतायत, बालुस कधी येणार?

[दृश्य: लाल मातीचं सपाट माळरान. क्षितिजापर्यंत गेलेले तारेचे खांब.]

हा प्रश्न जुना आहे. विमान नव्हतं तेव्हापासूनचा.

1917 साल. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं हॉल्स क्रीक हे आडगाव. जिमी डार्सी नावाचा गुराखी घोड्यावरून पडला, पोटाला जबर मार बसला. भावांनी त्याला गाडीत घालून गावात आणलं. गावात डॉक्टर नाही. होता तो पोस्टमास्तर, फ्रेड टकेट. त्याचं प्रथमोपचाराचं शिक्षण तेवढं झालेलं. टकेट तारयंत्रावर बसला आणि त्याने पर्थमधल्या डॉ. हॉलंडना गाठलं. पर्थ म्हणजे हजारो किलोमीटर दूर. कट्ट-कडकट्ट करत लक्षणं गेली, उलट प्रश्न आले, पुन्हा उत्तरं गेली. निदान झालं: मूत्राशय फुटलंय, ऑपरेशन लगेच व्हायला हवं. करणार कोण? पोस्टमास्तर. कशाने? खिशातल्या चाकूने.

भूल देण्याची सोय नव्हती. डार्सीला टेबलाला बांधलं, पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने जागा धुतली, आणि तारेवरून येणाऱ्या सूचनांबरहुकूम टकेटने चाकू चालवला. इकडे हॉलंड स्वतः निघाले. गुरं वाहणाऱ्या जहाजाने डर्बी बंदर, तिथून फोर्ड मोटारीने, शेवटी घोड्यावर. दीड-दोन आठवडे वाटेतच गेले. हॉल्स क्रीकला पोचले तेव्हा कळलं, डार्सी आदल्याच दिवशी गेला. पोस्टमास्तरने केलेल्या ऑपरेशनने नव्हे, मलेरियाने आणि पोटात फुटलेल्या गळवाने.

मला या हकीकतीत चाकूपेक्षा ती तार जास्त टोचते. रोग्याची लक्षणं तासाभरात पर्थला पोचत होती. डॉक्टरला यायला पंधरवडा लागत होता.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. उंटांचा तांडा, चष्मा लावलेला एक पाद्री.]

जॉन फ्लिन हा प्रेस्बिटेरियन चर्चचा पाद्री. 1912 मध्ये ऑस्ट्रेलियन इनलँड मिशन सुरू झालं ते त्याच्या खटपटीने. माळरानावर जागोजागी नर्सेस ठेवायच्या, लहान शुश्रूषागृहं उभारायची, उंटावर बसून वस्त्यावस्त्यांतून फिरायचं, असं हे मिशन. डार्सी गेला त्याच वर्षी फ्लिनला एक पत्र आलं. लिहिणारा क्लिफर्ड पील, वैद्यकीय शिक्षण घेणारा तरुण, महायुद्धात वैमानिक म्हणून निघालेला. डॉक्टर विमानाने न्यायचे झाले तर तळ कुठे असावेत, अंतरं किती पडतील, खर्च काय येईल, असा पुरा हिशेब त्याने मांडला होता. विमान हे अजून लोकांना युद्धातलं खेळणं वाटत होतं, तेव्हाचा हा हिशेब. पुढच्या वर्षी पील फ्रान्सच्या आकाशात मारला गेला. त्याचं पत्र फ्लिनने मिशनच्या मासिकात छापलं, पण ते छापलेलं पाहायला तो उरला नाही.

मग फ्लिनने दहा वर्षं पैसे जमवले, भाषणं केली, दारं ठोठावली. 17 मे 1928 रोजी क्वीन्सलँडमधल्या क्लॉनकरीहून जुलिया क्रीकला डॉक्टरला घेऊन पहिलं उड्डाण झालं. क्वांटास या विमान कंपनीकडून भाड्याने घेतलेलं डीएच-50 जातीचं विमान, नाव व्हिक्टरी. डॉक्टर वेल्च आत, वैमानिक ॲफ्लेक मागे उघड्यावर, वाऱ्यात. विमानात रेडिओ नाही. नद्या, कुंपणं आणि तारेचे खांब बघत बघत जायचं. पहिल्या वर्षात 50 फेऱ्या झाल्या आणि 225 रुग्णांवर उपचार झाले.

आता गंमत बघा. विमान आलं, डॉक्टर आला, आणि तरीही काम अडलं. कारण माळावरच्या एकट्या घरातून डॉक्टरला बोलवायचं कसं? तार होती गावात. घर गावापासून शंभर मैलांवर. वीज नाही. यावर अल्फ्रेड ट्रेगर नावाच्या तंत्रज्ञाने 1929 मध्ये तोडगा काढला: सायकलसारखे पॅडल मारून वीज तयार करायची आणि तिच्यावर वायरलेस चालवायचा. सुरुवातीला संदेश मॉर्समध्येच, म्हणजे तारेच्या कट्ट-कडकट्ट लिपीतच, पाठवावा लागे. घरच्या बाईने एकीकडे पॅडल मारायचे, दुसरीकडे कट्ट-कडकट्ट, आणि मांडीवर तापाने फणफणलेलं पोर. जमणार कसं? तेव्हा ट्रेगरने टंकलेखन यंत्रासारखा कळफलक बनवला. अक्षराची कळ दाबली की मॉर्स आपोआप जाई.

फ्लिनची ती सेवा आज रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस म्हणून ओळखली जाते. 1930 च्या दशकात चर्चने ती स्वतंत्र संस्थेकडे सोपवली. आपण सुरू केलेलं काम वाढलं की हातून सोडणं भल्याभल्यांना जमत नाही. इथे जमलं. ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर फ्लिनचा चेहरा आहे.

[दृश्य: दुसऱ्या महायुद्धातली विमानं. मग जंगलावरून जाणारं एक लहानसं पिवळं विमान.]

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा विमान चालवता येणारी हजारो माणसं घरी परतली. त्यांतल्या काही श्रद्धाळू ख्रिस्ती वैमानिकांना वाटलं, हे कसब आता मिशनच्या कामी लावावं. 1945 मध्ये अमेरिकेत जी संस्था निघाली ती पुढे मिशन एव्हिएशन फेलोशिप, म्हणजे एमएएफ, या नावाने वाढली. तिचं पहिलं उड्डाण 23 फेब्रुवारी 1946 ला मेक्सिकोकडे झालं. वैमानिक होती बेटी ग्रीन, युद्धकाळात अमेरिकी महिला वैमानिक दलात उडालेली. 1948 मध्ये जॅक हेमिंग्ज आणि स्टुअर्ट किंग हे दोघे ब्रिटिश अशाच मिशनच्या कामासाठी एका छोट्या मायल्स जेमिनी विमानातून आफ्रिकेची पाहणी करायला निघाले, आणि बुरुंडीच्या डोंगरात कोसळले. दोघेही उठून चालत बाहेर आले. हेमिंग्जने तर पुढे वयाची शंभरी ओलांडली.

इक्वेडोरच्या जंगलात नेट सेंट हा एमएएफचा वैमानिक होता. त्याच्यापुढे अडचण अशी, की खाली जंगल, उतरायला जागाच नाही, आणि औषध तर द्यायचंय. त्याने विमानातून लांब दोर सोडला, टोकाला बादली, आणि एकाच जागी घट्ट घिरट्या घालत राहिला. विमान मोठ्या वर्तुळात फिरतं, दोर ओढला जातो, आणि बादली मात्र वर्तुळाच्या मध्यावर जवळपास स्थिर राहते. खालचा माणूस हात वर करून औषध काढून घेतो, हवं तर बादलीत चिठ्ठी ठेवतो. मला वाटतं, या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी युक्ती हीच. एक बादली आणि भूमिती.

हीच बादली पुढे वाओरानी लोकांच्या वस्तीवर भेटवस्तू सोडायला वापरली गेली. बाहेरच्यांपासून दूर राहिलेला हा समाज. 8 जानेवारी 1956 ला कुरारे नदीच्या वाळूवर सेंट आणि त्याचे चार मिशनरी सोबती वाओरानींच्या भाल्यांनी मारले गेले. मिशनच्या जगात ही बलिदानाची कथा म्हणून सांगितली जाते. तिचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. काही वर्षांत अनेक वाओरानी मिशनच्या वस्तीत एकत्र राहायला आले, आणि 1969 मध्ये तिथे पोलिओची साथ पसरली. काही दगावले, काही कायमचे अधू झाले. बाहेरच्या जगाशी गाठ पडली नसती तर तो आजार तिथे आला नसता. ज्या विमानातून औषध येतं त्यातूनच धर्म येतो, कपडे येतात, सवयी येतात, कधी रोगही. हे बोलायचं टाळून ही फिल्म पुढे नेता येणार नाही.

[दृश्य: पुन्हा न्यू गिनी. धुकं विरळ होतंय. पट्टीवरून एक डुक्कर हाकललं जातंय.]

न्यू गिनीत एमएएफ 1951 पासून आहे. इथली ही पट्टी नीट पाहा. ती सपाट नाही, चढाची आहे. खालच्या टोकाला दरी, वरच्या टोकाला डोंगराची भिंत. विमान नेहमी दरीकडून येऊन चढावर उतरतं, म्हणजे वेग आपोआप मरतो. आणि निघताना नेहमी उतारावरून दरीकडे झेपावतं. वारा कुठूनही असो, दिशा बदलायची मुभा नाही. उतरताना एक टप्पा असा येतो, की तिथून पुढे विमान पुन्हा वर उचलून निघून जाता येत नाही, समोर डोंगर असतो. तो टप्पा प्रत्येक पट्टीसाठी ठरलेला. त्याआधी पट्टीवर डुक्कर दिसलं, पोर दिसलं, तर परत फिरा. नंतर दिसलं तर काही करता येत नाही. म्हणून गवत कापणाऱ्यांइतकाच महत्त्वाचा, डुकरं हाकलणारा.

पट्टी मऊ झाली की चाकं रुततात. गवत वाढलं की निघताना वेग धरत नाही. चर बुजले की पाणी साचतं. विमान कंपनीचं नसतं इथे काही. पट्टी वस्तीनेच राखायची. जिथे हेवेदावे होऊन लोक गवत कापायचे थांबले, तिथली पट्टी बंद पडते, आणि पुढचा सर्पदंश झोळीतून जातो.

साडेसात. ढग अजून खाली आहेत, पण दरीचं तोंड मोकळं झालंय. हीच वेळ. दुपारकडे ढग पुन्हा भरून येतील.

[आवाज: दूरवर इंजिन.]

सेस्ना कॅरव्हान. एकच इंजिन, पण टर्बाइन, जेट इंधनावर चालणारं. जुन्या पिस्टन विमानांना लागणारं पेट्रोल या भागात मिळणं कठीण आणि महागही. विमान येताना औषधांची खोकी आणि शाळेची पुस्तकं घेऊन आलंय, एरवी जाताना कॉफीची पोती घेऊन जातं. आज पोती पट्टीच्या कडेला पडून राहतील. वैमानिक दोन सीटा काढून स्ट्रेचर बसवतोय. कर्मचारी बाळंतिणीचं सलाईन तपासतोय. बाटलीत हवा असते, आणि दहा हजार फुटांवर हवा समुद्रसपाटीच्या मानाने जवळपास दीडपट फुगते. श्वासनळीत नळी घातलेला रुग्ण असेल तर तिचा फुगा हवेऐवजी पाण्याने भरून नेतात तो याचसाठी. छातीत हवा कोंडलेल्या माणसाला तर ती काढल्याशिवाय वर नेणं म्हणजे त्याचा घात करणं.

मग वजन. काट्यावर सामान चढतं, माणसंही चढतात. उंचावरची विरळ हवा, आखूड पट्टी, त्यात रात्रीच्या पावसाने ओलं झालेलं गवत. वैमानिक वहीत बेरीज करतो, एकदा, पुन्हा एकदा. बाळंतिणीसोबत एकाच माणसाला जाता येईल. बायका आपसात बोलतात. आई जाईल असं ठरतं. नवरा मान हलवतो.

निघण्याआधी वैमानिक टोपी काढून छोटीशी प्रार्थना म्हणतो. काही जण डोळे मिटतात. काही जण विमानाच्या चाकाकडे बघत उभे राहतात.

[इंजिनाचा आवाज वाढतो. विमान उतारावरून सुटतं, पट्टीच्या टोकाशी क्षणभर दिसेनासं होतं, मग दरीवर दिसतं.]

आवाज विरला. माणसं कोयते पुसून घराकडे वळली. नवऱ्याने पाठीवर रताळ्यांची पिशवी अडकवली, भावाला हाक मारली आणि पायवाटेला लागला. बायकोला इस्पितळात पोचायला आता पंधरा मिनिटं उरलीत. तो परवा संध्याकाळी पोचेल.