गॅरेजमधला मास्तर

(कृष्णधवल दृश्य. रुग्णालयातली खाट.)

तापात बरळणारा हा माणूस बघा. सिनेमा 'द किलर्स', साल १९४६. बर्ट लँकेस्टरचा हा पहिलाच सिनेमा, त्यामुळे बोलबाला झाला तो त्याचाच. पण मरणाला टेकलेला हा ब्लिंकी नावाचा चोर तुटक तुटक बोलतो आणि आपण कान देऊन ऐकत राहतो. दाट भुवयांचा हा चेहरा जुने अमेरिकी सिनेमे पाहणाऱ्यांच्या ओळखीचा आहे. नाव मात्र चटकन आठवत नाही.

नाव जेफ कोरी. जन्म १९१४चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. नाट्यशाळेतलं शिक्षण, लेस्ली हॉवर्डच्या 'हॅम्लेट'मध्ये छोटं काम, मग हॉलिवूड. महायुद्धात ते नौदलात छायाचित्रकार होते, यॉर्कटाउन या विमानवाहू जहाजावर. परतल्यावर कामं मिळू लागली: कधी गुंड, कधी डॉक्टर, कधी शिपाई. चरित्र अभिनेत्याचं आयुष्य असंच असतं. पोस्टरवर नाव नाही, पण चूल पेटती राहते.

(१९५१. चौकशी समितीची बैठक.)

ही चूल १९५१ साली विझली.

कोरी एकेकाळी कम्युनिस्ट पक्षात होते. कम्युनिस्टांना हुडकणाऱ्या वॉशिंग्टनच्या चौकशी समितीने त्यांना बोलावलं. सुटकेची वाट सगळ्यांना माहीत होती: पक्षातल्या चार मित्रांची नावं सांगायची आणि घरी जायचं. कोरींनी नावं सांगितली नाहीत. ते काळ्या यादीत गेले, म्हणजे स्टुडिओंनी काम द्यायचं नाही अशांच्या यादीत, आणि सुमारे दहा-बारा वर्षं हॉलिवूडचा कॅमेरा त्यांच्याकडे वळलाच नाही. गंमत बघा, त्याच साली आलेल्या सुपरमॅनच्या सिनेमात त्यांनी परक्यांच्या मागे लागलेल्या जमावाच्या म्होरक्याचं काम केलं होतं.

आता घर चालवायचं कसं? त्यांनी अंगमेहनतीची कामं केली. आणि हॉलिवूडमधल्या घराच्या गॅरेजमध्ये अभिनयाचा वर्ग सुरू केला.

(गॅरेजचं दार. आतून आवाज.)

इथे थोडं थांबायला हवं.

या गॅरेजमध्ये कोण कोण येऊन गेलं? पुढे नावाजलेले नट जेम्स डीन आणि अँथनी पर्किन्स. 'स्टार ट्रेक' या अंतराळ मालिकेतले लेनर्ड निमॉय, जे पुढे याच वर्गात शिकवूही लागले. रॉजर कॉर्मन हा दिग्दर्शक आला तो नटांशी बोलायचं कसं हे समजून घ्यायला. इथेच त्याची गाठ जॅक निकल्सन नावाच्या एका पोराशी पडली, पुढे मोठा नट झालेल्या. निकल्सनने सांगितलेला एक किस्सा आहे. मास्तर म्हणाले, तुझ्या कामात काव्य दिसत नाही. पोरगं उत्तरलं, मी दाखवतोय ते तुम्हाला दिसत नसेल. असं उत्तर ऐकूनही त्याला वर्गात ठेवणारा मास्तर मला जास्त आवडतो.

ज्या स्टुडिओंची दारं कोरींना बंद होती, तेच स्टुडिओ आपले नट त्यांच्याकडे शिकायला पाठवत. माणूस नको होता, विद्या हवी होती!

आणि विद्या कसली? पटकथाकार रॉबर्ट टाउनही तेव्हा त्या वर्गात होता. त्याने वर्णन केलेला एक सराव असा: नटांना एक प्रवेश द्यायचा आणि परिस्थिती मात्र संवादाच्या अगदी उलट. शब्द एक तसूभरही बदलायचे नाहीत. खरं काय चाललंय ते नजरेतून, हातांतून, थांबण्यातून पोचवायचं. टाउन त्यातून लिहायला शिकला. 'चायनाटाउन' हा सिनेमा त्याने लिहिला तो निकल्सनसाठी, म्हणजे त्याच गॅरेजमधल्या सोबत्यासाठी.

(रंगीत दृश्यं, झपाट्याने.)

साठीच्या दशकात यादी सैल झाली आणि कोरी परतले. १९६९ हे साल तर त्यांचंच. 'ट्रू ग्रिट'मध्ये मुलीच्या बापाचा खून करणारा टॉम चेनी. 'बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड'मध्ये दोघा दरोडेखोरांना तुमचे दिवस सरले असं सुनावणारा म्हातारा शेरीफ. आणि 'स्टार ट्रेक'च्या एका भागात ढगांवरच्या नगरीचा सत्ताधीश, समोर जुना शिष्य निमॉय. पुढची कित्येक वर्षं ते काम करत राहिले, शिकवतही राहिले. २००२च्या ऑगस्टमध्ये, ८८व्या वर्षी, सँटा मोनिकात त्यांचं निधन झालं.

(पुन्हा कृष्णधवल. 'सेकंड्स', १९६६.)

जाता जाता हा एक प्रवेश बघा. एक कंपनी गिऱ्हाइकाला नवं आयुष्य विकते. त्यासाठी आधी त्याचा खोटा मृत्यू घडवून आणावा लागतो. त्या मृत्यूचा तपशील आणि खर्च समजावून सांगायचं काम मिस्टर रुबीचं, म्हणजे कोरींचं. समोर गिऱ्हाईक म्हणून बसलेले नट जॉन रँडॉल्फ हेही काळ्या यादीतून आलेले. गिऱ्हाइकापुढे कोंबडीचं ताट आलंय आणि त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. रुबी ते ताट आपल्याकडे ओढून घेतो. बोलणं चालू आहे मरणाचं, आवाज विमा एजंटचा, आणि हात कोंबडीवर.

संवाद एक, परिस्थिती दुसरी. गॅरेजमधला सराव.