किती, केव्हा आणि आधी कोणी थांबायचं

१९६७ साली इतिहासकार लिन व्हाइट यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात लिहिलं, की आजच्या पर्यावरणसंकटाची मुळं पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहेत. तेव्हापासून कोणता धर्म निसर्गाच्या बाजूचा, हा वाद रंगतो तो वचनांवर. बायबलच्या ‘उत्पत्ती’त पहिल्या अध्यायात माणसाला सृष्टीवर सत्ता मिळते, दुसऱ्यात बागेची मशागत आणि राखण त्याच्यावर सोपवली जाते. ईशावास्य उपनिषद म्हणतं, ‘मा गृधः’, हाव धरू नकोस. वचनं सगळ्यांचीच सुंदर आहेत. पण मंडळी, किती घ्यायचं, केव्हा थांबायचं आणि आधी कोणी थांबायचं, हे नियमात उतरलं आहे का, ते बघायला हवं.

‘किती’चं माप अथर्ववेदाच्या भूमिसूक्तात आहे: ‘यत्ते भूमे विखनामि क्षिप्रं तदपि रोहतु’. भूमी, तुझं जे मी खणतो ते लवकर पुन्हा उगवो. कंद, गवत, लाकूड यांना हे माप चोख लागू पडतं: वाढ जितकी, तोड तितकीच. कोळसा मात्र माणसाच्या हिशेबात पुन्हा तयार होत नाही. तिथे हे माप आपल्याला सरळ अडवतं, आणि नेमकं तिथेच आपण ते बाजूला ठेवतो.

‘केव्हा’चा नियम ज्यू परंपरेत आहे. बायबलमधलं ‘लेवीय’ हे पुस्तक, अध्याय २५: सहा वर्षं पेरा, सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवा, आपोआप उगवेल ते मालक, मजूर, गुरं आणि रानातली जनावरं, सगळ्यांचं. अडचण अशी, की आळीपाळीने एकेक शेत नव्हे, सगळी शेतं एकाच वर्षी थांबतात. साठा नसेल तर उपासमार ठरलेली. म्हणून १८८८-८९ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या नव्या ज्यू वसाहतींसाठी पळवाट निघाली: वर्षापुरती जमीन बिगर-ज्यूला विकायची आणि शेती चालू ठेवायची. पोटाची सोय न लावता घातलेली मर्यादा अशी कागदावर उरते.

‘कोणी’चं उत्तर मला सर्वांत मोलाचं वाटतं. अरबस्तानात ‘हिमा’ म्हणजे राखीव कुरण. इस्लामपूर्व काळात बलदंड सरदार ते स्वतःसाठी अडवत. इस्लामने ही खासगी मक्तेदारी मोडली. खलिफा उमर यांनी हुनै नावाच्या राखणदाराला दिलेली सूचना बुखारींच्या हदीससंग्रहात (पैगंबर आणि सहकाऱ्यांच्या वचन-आठवणींच्या संग्रहात) आहे. मोजके उंट, थोडी मेंढरं असणाऱ्याला आत सोड. इब्न औफ आणि इब्न अफ्फान यांच्या कळपांना सोडू नकोस. कारणही दिलं आहे: त्यांची जनावरं मेली तर त्यांना बागा आणि शेती आहे, गरिबाचा कळप मेला तर तो मुलाबाळांसह माझ्या दारात येईल. ही दोन्ही नावं पैगंबरांच्या निकटच्या, धनाढ्य सहकाऱ्यांची आहेत, हे लक्षात घ्या. पुढे १९५०च्या दशकात सौदी सरकारने हिमा सर्वांना खुले केले. राखणारा कोणी उरला नाही आणि अतिचराईने बरीच कुरणं उजाड झाली.

बौद्ध विनयात, म्हणजे भिक्षूंच्या नियमावलीत, हिरवी वनस्पती तोडणं भिक्षूला दोषास्पद आहे आणि पाणी गाळण्याचं फडकं त्याच्या आठ वस्तूंपैकी एक. शिस्त कडक खरी, पण ती भिक्षूपुरती.

आता हवेचं बघा. १९९२च्या हवामान करारात ‘समान पण वेगवेगळी जबाबदारी’ हे तत्त्व आलं आणि विकसित देशांनी पुढाकार घ्यावा असं त्यात स्पष्ट लिहिलं. म्हणजे उमर यांचाच क्रम: ज्याच्याकडे जास्त, त्याने आधी थांबायचं. हुनै मात्र नेमला गेला नाही. २०१५च्या पॅरिस करारानुसार आपण किती कपात करायची, हे प्रत्येक देश स्वतःच ठरवतो, आणि ती पूर्ण झाली नाही तर कसलाही दंड नाही.