गावोगावचे वीरगळ, घरोघरचे रुमाल

श्रोतेहो, नमस्कार.

कोल्हापूरच्या इतिहासाविषयी बोलू लागले की अंबाबाईचे मंदिर, पन्हाळा, महाराणी ताराबाई आणि राजर्षी शाहू महाराज ही नावे आपसूक ओठांवर येतात, आणि ती यावीत हेच योग्य आहे. पन्हाळ्याचा समावेश तर २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. अशा वास्तूंची काळजी वाहायला सरकारी खाती आहेत, अभ्यासक आहेत, आणि त्यांच्याकडे लक्ष ठेवून असलेली जागरूक जनताही आहे. मला आज बोलायचे आहे ते ज्याला असा कोणी वाली नाही अशा वारशाविषयी: गावाच्या वेशीवर, देवळाच्या आवारात आणि घराच्या माळ्यावर पडून असलेल्या वारशाविषयी. तालुक्याच्या गावी किंवा एखाद्या पेठेत मूठभर माणसे मिळून जी इतिहास मंडळे चालवतात, त्यांचे खरे काम मला तिथे दिसते. अशाच एका लहान मंडळाची मी कार्यकर्ती आहे.

पंचगंगेच्या काठावरचे ब्रह्मपुरीचे टेकाड आपल्यापैकी अनेकांच्या रोजच्या वाटेवर असेल. डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. मो. ग. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये तिथे उत्खनन केले आणि सातवाहन काळातली, विटांच्या घरांची नांदती वस्ती उजेडात आली. याच टेकाडातून कांस्यवस्तूंचा एक साठा मिळाला. त्यात समुद्रदेव पोसायडनची रोमन बनावटीची छोटी मूर्ती होती आणि हत्तीवर बसलेल्या स्वारांचे देखणे शिल्पही होते. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडचा माल सह्याद्रीचा घाट चढून आपल्या पंचगंगेपर्यंत येत होता, याचा हा हाती धरता येण्याजोगा पुरावा आहे. या उत्खननातून निघालेल्या वस्तू ठेवण्यासाठीच १९४६ मध्ये कोल्हापुरात संग्रहालय सुरू झाले आणि पुढे ते चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार १८७२ ते १८७६ या काळात उभ्या राहिलेल्या टाउन हॉलच्या इमारतीत आले. या वस्तू कोल्हापुरातच राहिल्या, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. वस्तू जिथे सापडली तिथल्या माणसांच्या नजरेसमोर राहिली, तर तिच्याविषयी विचारणारे कोणी ना कोणी पुढच्या पिढीतही निघते.

वीरगळांच्या, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांच्या, बाबतीत मात्र आपण इतके जागरूक राहिलो नाही. आपल्या जिल्ह्यात क्वचितच एखादे जुने गाव असेल जिथे देवळापाशी किंवा पारावर कोरीव दगड उभा नाही. करवीर तालुक्यातल्या बीड या गावी तर वीरगळ मोठ्या संख्येने पाहायला मिळतात. हा दगड वाचायचा असतो तो खालून वर. सर्वांत खालच्या चौकटीत लढाई असते, किंवा लढाईत पडलेला वीर असतो. तिथे गाई कोरलेल्या असतील, तर तो गावचे गोधन राखताना कामी आला असे समजावे. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला स्वर्गात घेऊन जातात, त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करताना दिसतो, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असतात, म्हणजे चंद्रसूर्य असेतोवर त्याची कीर्ती राहो. शेजारी काटकोनात दुमडलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड असेल, तर तो सतीचा. शिलाहारांच्या काळात आणि तेराव्या शतकाच्या सुरुवातीला यादव सिंघणाने शिलाहार भोज राजाचा पराभव केल्यानंतरही या भागातल्या गावांनी आपल्या माणसांची आठवण अशी दगडात धरून ठेवली. ताम्रपटात राजाचे नाव येते, दान घेणाऱ्याचे येते. गुरे सोडवताना मेलेल्या गावकऱ्याला जागा मिळाली ती फक्त या शिळेवर.

आज यांतले कित्येक दगड कपडे धुण्यासाठी पालथे घातलेले आहेत, काहींवर तेला-शेंदराचा बोटभर थर चढला आहे आणि काहींना जीर्णोद्धाराच्या उत्साहात ऑइलपेंट फासला गेला आहे. यात गावकऱ्यांचा हेतू वाईट नसतो. बहुतेक वेळा तो श्रद्धेचाच असतो. म्हणून आमच्या मंडळाने वीरगळ उचलून कुठे नेण्याचा विचारही केला नाही. तो दगड त्या गावचा आहे आणि तिथेच उभा राहिला पाहिजे. आम्ही शाळेतल्या मुलांना बरोबर घेऊन गावात जातो, दगडाची उंची-रुंदी मोजतो, तो कोणत्या दिशेला तोंड करून आहे ते लिहितो आणि गावातली जाणती मंडळी त्याला काय म्हणतात तेही टिपून घेतो. छायाचित्र काढायला सकाळचे किंवा उतरत्या दुपारचे तिरपे ऊन उत्तम, कारण त्या उजेडात झिजलेले कोरीवकामही उठून दिसते. अक्षरे नीट दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळणे आणि घासणीने दगड खरवडणे हे दोन्ही कटाक्षाने टाळावे. ज्या गावात मुलांनी अशी नोंद केली, त्या गावात तो दगड पुन्हा कोणी पालथा घातल्याचे मी पाहिलेले नाही.

शेत नांगरताना किंवा पाया खोदताना काही सापडले तर जमीन जाईल, या भीतीने अनेक जण ते गुपचूप विकून टाकतात. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे अशा सापडलेल्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते हे खरे, पण त्याच कायद्याने तो शोधणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा हक्कही मान्य केला आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

आता कागदांकडे वळते. करवीर संस्थानचे दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे आणि संशोधक तिथे जाऊ शकतात. पण घराघरांत, कापडात बांधलेले मोडी कागदांचे जे रुमाल आहेत, त्यांची यादी कोणाकडेच नाही. वतनाचे कागद, खरेदीखते, निवाडे, लग्नकार्यातला जमाखर्च, असे सारे त्यात असते. आधी ओळीची रेघ ओढून घ्यायची आणि मग हात शक्य तितका कमी उचलत तिच्याखाली अक्षरे लिहीत जायचे, ही मोडीची रीत असल्यामुळे नवख्याला पहिल्यांदा सगळी ओळ एकाच शब्दासारखी वाटते. तरीही चिकाटीने बसणाऱ्याला काही महिन्यांत साधे पत्र लागू लागते. पत्राच्या शेवटची 'मोर्तब सूद', म्हणजे शिक्का झाल्याची खूण, ही अक्षरे स्वतःहून ओळखता आली, की शिकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, त्यासाठी हे वर्ग चालवावेसे वाटतात. वर्गात आम्ही छापील धड्यांवर फार रेंगाळत नाही. ज्याने त्याने आपल्या घरचा कागद आणावा, त्याची प्रत काढावी आणि मूळ कागद त्याच दिवशी घरी परत न्यावा, असा आमचा नियम आहे. कागद मंडळाला द्या, असे आम्ही कोणालाही म्हणत नाही. आजोबांनी जपलेली वस्तू कोणी मागितली की घर दार लावून घेते, आणि ते स्वाभाविकच आहे.

या कागदांचा सर्वांत मोठा शत्रू आपल्याकडे पूर हा आहे. राजाराम बंधाऱ्याशी पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ती ओलांडून कितीतरी वर गेले, आणि ज्या घरांत शिरले तिथे धान्य-कपड्यांबरोबर ट्रंकेतले कागदही भिजले. भिजलेला गठ्ठा कडक उन्हात पसरू नये आणि चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, पानापानांत टिपकागद घालून आणि तो वरचेवर बदलत कागद सुकवावा. हे काम लगेच हाती घ्यावे, कारण दोन दिवसांत बुरशी धरू लागते. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावणे किंवा तो लॅमिनेट करून घेणे हे त्याला कायमचे दुखावणे आहे. नदीकाठच्या गावांनी मृगाच्या आधीच ट्रंक वरच्या मजल्यावर हलवली, तर यातले काहीच करावे लागणार नाही.

आणखी एक वारसा आहे, तो माणसांच्या आठवणीत. तालमीतली जोर-जोडी, आज कपिलतीर्थ मंडई जिथे भरते तिथे असलेले तळे, १९२९ मध्ये याच शहरात स्थापन झालेल्या आणि पुढे पुण्याला गेलेल्या प्रभात फिल्म कंपनीत राबलेल्या कारागिरांच्या घरातल्या गोष्टी, हे सारे ऐकीव स्वरूपात टिकून आहे. शाहू महाराजांनी उभारलेल्या पॅलेस थिएटरला, म्हणजे आजच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आग लागली तेव्हा अवघे शहर हळहळले. तिथे लहानपणी नाटक पाहिलेली, पडद्यामागे काम केलेली माणसे आपल्यात आहेत. त्यांच्याकडचे छायाचित्र, जपून ठेवलेले तिकीट, रंगमंचाच्या मापांची आठवण, यांचे मोल अशा वेळी कळते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की इतिहास मंडळांनी हार-तुऱ्यांचे आणि प्रमुख पाहुण्यांचे कार्यक्रम थोडे कमी करून तो वेळ वृद्धांच्या शेजारी बसण्यात घालवावा. त्यासाठी साधा मोबाइल पुरतो. सुरुवातीलाच बोलणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख त्यांच्याच आवाजात घ्यावी. 'तेव्हाचा काळ कसा होता?' असा ढोबळ प्रश्न विचारला तर ढोबळ उत्तर येते. त्याऐवजी घरात पाणी कुठून यायचे, तालमीतला खुराक कोण पुरवायचे, बाजाराला कोणत्या वाटेने जायचे, पहिला पगार किती होता, असे विचारावे. मधेच दुरुस्त करू नये. सन चुकला तर तो नंतर तपासता येतो. ध्वनिमुद्रणाची एक प्रत मंडळाकडे ठेवावी आणि दुसरी त्यांच्या घरच्यांना त्याच आठवड्यात पोहोचती करावी.

नमस्कार.