आधी राजपत्र, मग जाहिरात

[दृश्य: फिटर कार्यशाळा. व्हाइसमध्ये लोखंडाचा तुकडा, त्यावर चालणारी कानस. फक्त हात दिसतात.]

हातांकडे पाहा. कानस पुढे सरकू लागते तेव्हा डाव्या हाताचा दाब जास्त. निम्म्यावर दोन्ही हातांचा सारखा. शेवटाला भार उजव्या हातावर. नवखा मुलगा मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत दोन्ही हात सारखेच दाबतो. कानस झोके खाते, तुकड्याच्या कडा उतरतात आणि मध्ये फुगवटा राहतो.

[दृश्य: गुण्या लावून तुकडा खिडकीच्या उजेडासमोर धरलेला. कडेला उजेडाची बारीक फट.]

ही फट त्या फुगवट्याची. व्हाइस कोपराच्या उंचीला नसल्यानेही ती पडते, उभं राहण्याची पद्धत चुकल्यानेही पडते. चांगला कारागीर तुकडा सपाट करून दाखवेल. पण वीस जणांच्या तुकडीत कोणाची फट कशामुळे पडली, हे ओळखून तेवढीच चूक सुधारून घेणं हे वेगळं काम आहे, आणि ते शिकावं लागतं.

[दृश्य: निदेशक प्रशिक्षणाचा वर्ग. फळ्यावर पाठ टाचण, एक प्रशिक्षणार्थी पाठ घेतोय, बाकीचे नोंदी करतायत.]

ते निदेशकांना, म्हणजे आयटीआयमधल्या शिक्षकांना, इथे शिकवतात. शिल्प निदेशक प्रशिक्षण योजना, सगळ्यांच्या तोंडी 'सीआयटीएस'. एक वर्षाचा अभ्यासक्रम. पाठाचे चार टप्पे: तयारी, सादरीकरण, उपयोजन, चाचणी. एकेक कौशल्य सुटं करून मांडायचं, पाठ टाचण लिहायचं, पाठ घ्यायचा, टीका ऐकायची आणि पुन्हा घ्यायचा. शेवटी हातात पडतं राष्ट्रीय शिल्प निदेशक प्रमाणपत्र.

[दृश्य: केंद्राच्या अभ्यासक्रम पुस्तिकेचं पान. बोट एका ओळीवर थांबतं.]

केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या फिटरच्या अभ्यासक्रमात निदेशकाची पात्रता छापलेली आहे. पदवीधराला 1 वर्षाचा अनुभव, पदविकाधारकाला 2, आयटीआय झालेल्याला 3 वर्षांचा. दोन निदेशक असतील तर एक पदवी किंवा पदविकावाला, दुसरा आयटीआय किंवा शिकाऊ उमेदवारी केलेला. आणि निदेशक प्रमाणपत्र? दोघांकडेही हवंच.

[दृश्य: राजपत्राची जुनी प्रत. पिवळं पडलेलं पान उलटलं जातं.]

आता हे दुसरं पान. राज्याचे सेवाप्रवेश नियम. शासकीय आयटीआयमध्ये नेमणूक होते ती याच पानावरून. काही राज्यांच्या नियमांत सीआयटीएस अनिवार्य नाही, 'असल्यास प्राधान्य' एवढंच आहे. काही ठिकाणी त्याचा उल्लेखही नाही.

दोन पानं, दोन उत्तरं. चालतं कोणाचं?

[दृश्य: दोन्ही पानं टेबलावर शेजारी शेजारी.]

आयटीआयमधलं प्रशिक्षण जिच्याखाली चालतं ती शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना 1950 ची, केंद्राची. 1956 मध्ये आयटीआयचा रोजचा कारभार राज्यांकडे गेला, 1 एप्रिल 1969 पासून आर्थिक भारही. त्याच 1956 साली स्थापन झालेली एनसीव्हीटी ही व्यवसाय प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद दर्जाबाबत सल्ला देत राहिली. संसदेच्या कायद्याने ती जन्मली नव्हती. 2018 मध्ये आलेली एनसीव्हीईटी ही नवी परिषदसुद्धा शासकीय अधिसूचनेतूनच आली. शाळेतल्या शिक्षकांचं तसं नाही. त्यांच्या पात्रतेमागे शिक्षण हक्क कायद्याचं कलम 23 आहे. निदेशकांच्या पात्रतेमागे असं कलम नाही, मार्गदर्शक सूचना आहेत.

राज्याचे नियम मात्र संविधानाच्या अनुच्छेद 309 च्या परंतुकाखाली, राज्यपालांच्या नावाने निघतात. राज्याच्या लोकसेवा हा विषयही राज्यसूचीतला, नोंद 41. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये संत राम शर्मा खटल्यात सांगितलेलं सूत्र आजही धरलं जातं: नियम जिथे गप्प आहेत तिथली जागा प्रशासकीय आदेशाने भरता येते, नियमाविरुद्ध मात्र आदेश चालत नाही.

म्हणून आधी पाहायचं, नियम गप्प आहे की बोलतोय. पात्रता स्पष्ट लिहिलेली असेल, तर केंद्राचं पत्र जोडून जाहिरातीत नवी अट घुसवता येत नाही. घुसवली, की सीआयटीएस नसलेला उमेदवार न्यायाधिकरणात. नाही घुसवली, की सीआयटीएस केलेला. 'प्राधान्य' शब्दानेही सीआयटीएस केलेल्याला सरसकट वर बसवता येत नाही. बाकी सगळं सारखं असेल तेव्हाच त्याचा उपयोग, हे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने 2003 पासून ठरलेलं आहे. एक वर्ष घालवून प्रमाणपत्र मिळवलेल्यांना हे कळतं ते निवड यादी लागल्यावर.

मग केंद्राच्या हातात काय उरतं? संलग्नता. राष्ट्रीय प्रमाणपत्र हवं तर ट्रेड आमच्या निकषांवर चालवा, असं केंद्र म्हणू शकतं. त्यामुळे नेमणूक नियमाप्रमाणे पक्की आणि निरीक्षण अहवालात तोच निदेशक त्रुटी म्हणून, असंही होतं.

[दृश्य: मंत्रालयाचा लांब कॉरिडॉर. लाल फितीच्या फाइलींचा गठ्ठा या खोलीतून त्या खोलीत.]

यातून वाट एकच, आणि ती या कॉरिडॉरमधून जाते. विभागाने सुधारणेचा मसुदा करायचा. सामान्य प्रशासन विभागाची सहमती. विधी व न्याय विभागाकडून शब्दांची तपासणी, कारण 'किंवा' आणि 'आणि' यांच्यात उद्याचा खटला दडलेला असतो. मग राजपत्रात अधिसूचना. त्यानंतरच जाहिरात, कारण प्रक्रिया सुरू झाल्यावर खेळाचे नियम बदलता येत नाहीत, हे नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही पुन्हा सांगितलं. आणि सगळीकडे पुरेसे प्रशिक्षित उमेदवार मिळत नसतील, तर मसुद्यातच एक ओळ घालता येते: नेमणुकीनंतर ठरावीक मुदतीत सीआयटीएस पूर्ण करणे बंधनकारक. मुदत मात्र आकड्यात लिहायची. 'शक्य तितक्या लवकर' असं लिहिलेलं प्रशिक्षण निवृत्तीपर्यंत होत नाही.

[दृश्य: पुन्हा कार्यशाळा. व्हाइसची रांग. निदेशकाची खुर्ची रिकामी.]

तोवर भरती अडते, पदं रिकामी राहतात, आणि तासिका तत्त्वावरचा निदेशक दोन तुकड्या सांभाळतो.

[दृश्य: एक मुलगा गुण्या लावून तुकडा उजेडासमोर धरतो. फट दिसते. तो इकडेतिकडे पाहतो. निवेदन नाही.]