नॅट किंग कोल, मुक्काम हवाना

(आधी फक्त चा-चा-चाचा ठेका. पडद्यावर पन्नाशीच्या दशकातलं हवाना.)

शब्द स्पॅनिश, ठेका क्यूबाचा. गाणारा मात्र शिकागोत वाढलेला, आईकडून पियानो शिकलेला जॅझवाला: नॅट किंग कोल. आणि गड्याला स्पॅनिश येत नव्हतं!

डिसेंबर १९५७. अमेरिकेत एनबीसी या टीव्ही वाहिनीवरचा त्याचा स्वतःचा कार्यक्रम बंद पडला. लोक बघत होते. पण कृष्णवर्णीय कलाकारामागे उभं राहायला देशपातळीवरचा एकही जाहिरातदार धजावला नाही. त्याआधी, १९५६ साली, अलाबामात, म्हणजे ज्या राज्यात तो जन्मला तिथेच, गोऱ्यांच्या टोळक्याने भर कार्यक्रमात मंचावर चढून त्याला खाली पाडलं होतं.

फेब्रुवारी १९५८ मध्ये तो हवानात होता. तिथल्या त्रोपिकाना नाइट क्लबला तो नवखा नव्हता. १९५६ पासून त्याचे कार्यक्रम तिथे रंगत. त्याच क्लबचे वाद्यवृंद संचालक आर्मांदो रोमेउ यांना साथीला घेऊन ‘कोल एस्पान्योल’ या अल्बमचं काम सुरू झालं. गाणी नुसत्या उच्चारांवरून पाठ केलेली. आपल्याकडे परभाषेतलं गाणं गायक देवनागरीत उतरवून घेतात, तसलाच प्रकार.

(‘एल बोदेगेरो’ सुरू होतं.)

हे ऐका. रचना ओर्केस्ता आरागोनचे बासरीवादक रिचर्ड एगुएस यांची. विषय काय, तर कोपऱ्यावरचा वाणी! घेवडा, बटाटे, मिरच्या यांच्यामध्ये तो चा-चा-चा नाचतोय, आणि पालुपद काय, तर चॉकलेट घे, उधारी चुकती कर. इतकं गल्लीतलं गाणं कोल अगदी कडक इस्त्रीच्या कपड्यांत गातो. एकेक अक्षर सुटं, घाई कुठेच नाही. ‘र’ मात्र पक्का अमेरिकी. क्यूबन असल्याचा आव तो आणत नाही, म्हणूनच हे गाणं ऐकावंसं वाटतं. त्याच अल्बममधलं ‘अरिवेदेर्ची रोमा’ हे मूळचं इटालियन गाणं तेवढं उपरं वाटतं.

अल्बम चालला. लॅटिन अमेरिकेने तो उच्चारासकट उचलून धरला. १९५९ मध्ये रिओ दि जानेरोत दुसरा अल्बम झाला, त्यात पोर्तुगीज गाणीही आली. १९६२ चा तिसरा मेक्सिकोचा. पुढे २००० साली दिग्दर्शक वाँग कार-वायने हाँगकाँगच्या प्रेमकथेत कोलची हीच स्पॅनिश गाणी वापरली.

चार वर्षांत तीन अल्बम. उच्चार काही सुधारला नाही, आणि कुणी तक्रारही केली नसावी.