निळी अंजनी

मार्च महिना. गोवा-कर्नाटक सीमेवरच्या चोर्ला घाटाच्या वाटेवर पानगळीचं रान विरळ झालंय, आणि मधेच ही अंजनी. फांद्यांना कुणी निळी लोकर गुंडाळावी तशी. फुलं शेंड्याला नाहीत. जुन्या काडीला, पेरापेराशी गुच्छानं बिलगलेली. जवळून पाहा. चार पाकळ्या, आठ पुंकेसर, तेही निळे-जांभळेच. हा बहर फार दिवस थांबत नाही. आम्हाला सापडला, तोही मधमाश्यांसकट.

एरवी ती हिरव्या गर्दीत हरवते. मग ओळख पानावरून. पानं समोरासमोर, जाड, वरून तुकतुकीत. मधली शीर स्पष्ट, बाजूच्या जवळजवळ दिसतच नाहीत. जांभळीचं रोप समजून भलेभले फसतात. पान चुरगळा: जांभळीला वास येतो, हिला नाही. उजेडात धरा: जांभळीच्या पानात बारीक पारदर्शक ठिपके, हिचं पान कोरं. पिटकुळीशी, म्हणजे रानातल्या एक्झोऱ्याशी, गल्लत होत असेल तर दोन देठांच्या मधे बघा. पिटकुळीला तिथं टोकदार उपपर्ण, म्हणजे छोटा खवला, असतो.

आता रोप कसं करायचं ते. पावसाच्या तोंडावर फळं पिकतात, वाटाण्याएवढी, काळी-जांभळी. बुलबुलांच्या आधी गाठायची. पाण्यात चोळून गर काढायचा. एका फळात एकच बी. सुकवून डबीत ठेवायचं नाही, ताजंच पेरायचं. पिशवीत जांभ्याची माती, कुजलेला पाला, थोडी रेती, वर सावली. पुढं सगळं अंजनीच्या मर्जीनं, आणि तिला घाई नसते. नर्सरीत ती क्वचितच दिसते ती यामुळेच. तिथं झटपट वाढणारी परदेशी झुडपं खपतात. खपोत बापडी.

रोपानं अंग धरलं की पहिल्या पावसात जागेवर लावायचं. चिऱ्याच्या गडग्याकडेची, म्हणजे दगडी बांधाकडेची, जमीन तिला चालते, कुळागराची, म्हणजे सुपारीच्या बागेची, ओल लागत नाही. फक्त मुळाशी पाणी साचू देऊ नका, आणि पहिले दोन उन्हाळे शिंपत राहा.

सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, रस्ता आला की आधी जातात ती ही झुडपं. गोव्याच्या १९८४च्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाड ठरतं ते खोडाच्या जाडीवर आणि उंचीवर, आणि सड्यावरच्या अंजनीची खोडं बहुधा बारीकच.

कुंपणाला लावणार असाल तर कातरणी तिला सोसते. पण दर महिन्याला चौकोनी कापलीत, तर फुलायला जुनी काडीच उरणार नाही. कात्री वर्षातून एकदा, फळं उतरल्यावर.